माजी नौसैनिक, हौशी गाइड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नौदलातून निवृत्त झालो, पुढे एका कारखान्यात बॉयलरच सांभाळले, आणि आता मुंबईतल्या एका छोट्या लष्करी संग्रहालयात शनिवार-रविवार लोकांना वस्तू दाखवतो. पगार नाही, हौस आहे. मोबाइलवर तेच ते प्रश्न येत राहतात आणि प्रत्येकाला वेगळं टाइप करणं आता बोटांना झेपत नाही, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. ही माझी उत्तरं आहेत, संस्थेची नव्हेत. त्यामुळे संस्थेचं नाव घातलेलं नाही.

१. काका, तुम्ही खरंच युद्धात होतात का?

हो. १९७१, पश्चिम ताफा, फ्रिगेट नावाच्या मध्यम आकाराच्या युद्धनौकेची बॉयलर रूम. पण हे ऐकून तुमच्या डोळ्यांपुढे जे येतं ते मी पाहिलेलं नाही. मी स्टोकर, म्हणजे बॉयलर चालवणारा. स्टोकरचं काम जहाजाच्या पोटात. तिथून समुद्र दिसत नाही, शत्रू तर नाहीच. मला दिसायची ती एक उभी काचेची नळी. तिला गेज ग्लास म्हणतात, बॉयलरमधल्या पाण्याची पातळी तिच्यात कळते. पाणी फार उतरलं तर आतल्या नळ्या जळतात. फार चढलं तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये शिरून पाती तोडतं. वरून वेग वाढवायचा हुकूम आला की बर्नर वाढवायचे, आणि त्या धांदलीत नजर नळीवरून हलू द्यायची नाही. तोफ सुटली की पाइपांवरच्या लॅगिंगची, म्हणजे उष्णता आत राखणाऱ्या वेष्टणाची, पांढरी भुकटी अंगावर पडायची. घामानं ती मानेला चिकटून बसे. युद्ध म्हटलं की मला ही भुकटी आठवते.

म्हणून दालनात बोलताना मी आधी सांगून टाकतो: हे पाहिलेलं, हे ऐकलेलं, हे वाचलेलं. ज्यांना फक्त पाहिलेलंच हवं असतं त्यांचा फेरफटका फार लवकर आटोपतो.

२. विक्रांतवर होतात का? आणि विक्रांत आता कुठे पाहायला मिळेल?

नाही, विक्रांतवर नव्हतो. हे सांगितलं की निम्म्या लोकांचा चेहरा पडतो.

पहिली विक्रांत, आपली विमानवाहू नौका, आता पाहायला मिळणार नाही. १९६१ मध्ये बेलफास्टला ती आपल्या नौदलात दाखल झाली, १९९७ मध्ये निवृत्त झाली आणि २००१ पासून मुंबईतच तरंगतं संग्रहालय म्हणून राहिली. ज्यांची शाळेची सहल तिथे गेली होती, ते लोक आज आपल्या मुलांना घेऊन येतात आणि "ती कुठाय?" असं विचारतात. जहाज धोकादायक झालं म्हणून २०१२ मध्ये दर्शन बंद झालं, २०१४ मध्ये लिलाव झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि शेवटी मुंबईच्याच दारूखाना या जहाजं तोडायच्या भागात ती तोडली. तिच्याच धातूपासून केलेलं स्मारक नौदल गोदीच्या लायन गेटसमोर आहे. २०१६ पासून तिथे आहे, रस्त्यावरून दिसतं, तिकीट नाही. काही धातू मोटरसायकलींतही गेला. ती मोटरसायकल चालवत आलेली पोरं मला टाकीवर हात ठेवायला लावतात. मी ठेवतो.

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत दाखल झालेली विक्रांत ती दुसरी, नवी, चालू युद्धनौका. विराट ही विमानवाहू नौका तिसरीच: ती २०१७ मध्ये मुंबईत निवृत्त झाली आणि २०२० मध्ये तोडायला गुजरातेत अलंगला गेली. तीन जहाजांची सरमिसळ करू नका.

७१ मध्ये विक्रांतनं काय केलं हे माझ्या "वाचलेलं" आणि "ऐकलेलं" या खात्यात आहे. चारपैकी एका बॉयलरला तडा गेलेला, त्यामुळे पुरा वेग नाही. तरी तिला पूर्वेकडे नेली आणि ४ डिसेंबरपासून तिच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगावावर हल्ले केले. विमानवाहू नौकेला वेग लागतो तो दिमाखासाठी नव्हे. डेकवरून पुरेसा वारा वाहिला नाही तर विमान उचलत नाही. तडा गेलेला बॉयलर ज्यांनी त्या दिवसांत सांभाळला त्यांचं नाव कुठल्या फलकावर नसतं, म्हणून मी त्यांच्याबद्दल जरा जास्त वेळ बोलतो. धंद्याचा पक्षपात समजा.

३. तिकीट, वेळ, टिप?

मी पैसे घेत नाही. टिप दिलीत तर दानपेटी दाखवीन. चहा चालतो. मराठी, हिंदी दोन्हीत सांगतो. इंग्रजी हवी असेल तर रविवारी सकाळी एक निवृत्त अधिकारी असतात, ते माझ्यापेक्षा बरी बोलतात. सोमवारी बंद.

४. किती माणसं मारलीत?

शाळकरी मुलं विचारतात ते कुतूहलानं. मोठी माणसं बायको-मुलांसमोर हसत हसत विचारतात, तेव्हा मात्र राग गिळावा लागतो.

माझ्यापुरतं उत्तर: ठाऊक नाही. आम्ही वाफ केली, वाफेवर जहाज चाललं, जहाजानं तोफा डागल्या. त्यापुढचा हिशेब माझ्याकडे नाही. पायदळातल्या माणसाकडे तो असू शकतो, आणि म्हणूनच त्याला हे विचारू नये. आमच्याकडे एक निवृत्त सुभेदार गाइड आहेत. हा प्रश्न आला की ते कपाटातून मेसटिन, म्हणजे जवानाचा जेवणाचा डबा, काढतात आणि त्यात डाळ, भात, चहा सगळं एकामागून एक कसं होई ते सांगू लागतात. लोकांना वाटतं त्यांनी प्रश्न टाळला. टाळलाच. तो त्यांचा हक्क आहे.

त्याऐवजी हे विचारा: झोपायचात कुठे? पत्र किती दिवसांनी यायचं? पायांचं काय व्हायचं? भीती कधी वाटली? शेवटच्या प्रश्नाला मी पाहिलेले बहुतेक जुने सैनिक खरं उत्तर देतात, आणि ते कधीच गोळीबाराबद्दल नसतं. पत्रांचं विचारलंत तर आमच्याकडे "५६ ए.पी.ओ." (लष्करी टपाल कार्यालय) असा पत्ता असलेली इनलँड पत्रं आहेत. गाव, जिल्हा काही नाही, नुसता आकडा. सासूबाईंना तो पत्ता खोटा वाटायचा, असं एका वीरपत्नीनं ती पत्रं देताना सांगितलं होतं.

५. मुलांना कितव्या वर्षापासून आणावं?

सात-आठ वर्षांपासून आणा. त्याआधी काचेवर नाकं घासण्यापलीकडे काही होत नाही, अर्थात त्यालाही हरकत नाही. शाळेची सहल असेल तर दोन तुकड्या करा, जागा लहान आहे. आणि बाईंनी छापील प्रश्नावली देऊन पाठवू नये. मुलं उत्तरं उतरवत बसतात, वस्तूकडे एकही बघत नाही.

६. या बंदुका खऱ्या आहेत का? हातात देता का?

खऱ्या, पण मेलेल्या. नळी बुजवलेली, फायरिंग पिन काढलेली. एक एसएलआर रायफल आम्ही मोठ्या माणसांना उचलू देतो. रिकामीच चार किलोंच्या वर आहे. उचलल्यावर मी म्हणतो, "आता मी सांगेपर्यंत खाली ठेवू नका," आणि पुढची गोष्ट सुरू करतो. गोष्ट संपायच्या आत हात थरथरायला लागतात. भाषणानं जे होत नाही ते एवढ्यानं होतं.

शेजारची थ्री नॉट थ्री रायफल पाहून मुंबईकर हमखास म्हणतो, "ही तर पोलिसांकडे असायची." बरोबर. १९६२ मध्ये चीनसमोर आपल्या पायदळाकडे मुख्यतः हीच होती. दर गोळीला बोल्ट मागेपुढे करायचा, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. त्या युद्धानंतर ७.६२ मिलिमीटरची एसएलआर आली, वीस गोळ्यांची, बोल्ट न ओढता एकामागून एक गोळी सोडणारी. १९९९ च्या कारगिलमध्ये ५.५६ ची इन्सास होती. लष्करानं थ्री नॉट थ्री कधीच मागे टाकली होती, तरी २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सीएसटीवर आपल्या पोलिसांच्या हाती तीच होती. हे वाक्य मी दालनात हळू बोलतो, कारण पोलिसांच्या घरची माणसंही येतात.

७. नौदल दिन ४ डिसेंबरलाच का?

१९७१ मध्ये ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन क्षेपणास्त्र बोटींनी कराची बंदराबाहेर हल्ला केला. ऑपरेशन ट्रायडेंट. सोबत किल्तान आणि कच्छल होत्या. पाकिस्तानची खैबर ही विनाशिका आणि मुहाफिज हे सुरुंग काढणारं जहाज बुडालं. आपला एकही माणूस गेला नाही. नंतर ८ डिसेंबरच्या रात्री विनाश ही बोट तलवार आणि त्रिशूल यांच्यासोबत पुन्हा गेली, ते ऑपरेशन पायथन.

मॉडेलसमोर उभे राहिलात तर दोन गोष्टी बघा. एक, बोट किती लहान आहे. या रशियन बोटी किनाऱ्याच्या रक्षणासाठी केलेल्या. इंधन थोडं, पल्ला थोडा. त्यांना दुसऱ्याच्या दारात नेऊन वापरायचं ही कल्पनाच धाडसाची. दोन, डेकवरच्या चार पेट्या. प्रत्येकीत एक क्षेपणास्त्र. म्हणजे चार वेळा डागलं की बोट रिकामी, मग फक्त परत फिरायचं.

तेव्हाचे नौदलप्रमुख ॲडमिरल नंदा यांचं बालपण कराचीच्या मनोरा बेटावर गेलं होतं. हे सांगितलं की लोक "अरे वा" म्हणतात. मला त्यात वा म्हणण्यासारखं काही वाटत नाही; आपलं लहानपणचं गाव नकाशावर असं बघावं लागलं, एवढंच मनात येतं.

कराचीच्या तेलाच्या टाक्या कुणी पेटवल्या? ४ तारखेला हवाई दलाच्या हंटर विमानांनीही तिथे हल्ला केला होता. नौदलाचे आणि हवाई दलाचे म्हातारे यावर अजून चहाच्या टेबलावर भांडतात. मी नौदलाचा, त्यामुळे माझ्या मताला या बाबतीत किंमत देऊ नका.

८. मग त्या युद्धात आपलं जहाज एकही बुडालं नाही ना?

बुडालं. खुकरी. ९ डिसेंबर १९७१, दीवच्या समुद्रात, पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीच्या टॉर्पेडोनं. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबर गेले, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. दीवला स्मारक आहे, काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती आहे.

ट्रायडेंटची गोष्ट ऐकून टाळ्या वाजवणाऱ्या किती जणांना खुकरी ठाऊक नसते, याचं मला दर वेळी नवल वाटतं. म्हणून मी दोन्ही गोष्टी एका दमात सांगतो, मध्ये फोटोला थांबत नाही. टॉर्पेडो लागल्यावर जहाज फार लवकर बुडालं. त्या वेळी बॉयलर रूमच्या वॉचवर, म्हणजे पाळीवर, असलेल्यांना वर यायला किती शिड्या चढाव्या लागल्या असत्या, एवढं मला सांगता येतं, कारण तशा शिड्या मी रोज चढलो. त्याहून जास्त बोलायचा मला अधिकार नाही.

त्या जहाजावर गेलेल्याचं कुणी कुटुंबीय आलं असेल तर कृपया आधी सांगा. त्या दिवशी मी गाइड म्हणून बोलत नाही. ते बोलतात.

९. ढाक्याच्या शरणागतीच्या फोटोत नौदलाचं कुणी आहे का?

आहे. १६ डिसेंबर १९७१ चा तो फोटो: टेबलाशी बसलेले लेफ्टनंट जनरल अरोरा आणि सही करणारे लेफ्टनंट जनरल नियाझी. मागे उभ्या असलेल्यांमध्ये पांढऱ्या गणवेशातले व्हाइस ॲडमिरल कृष्णन, तेव्हा पूर्व नौदल विभागाचे प्रमुख. सुमारे ९३,००० युद्धकैदी झाले हा आकडा बहुतेकांना पाठ असतो, पण फोटोतल्या तीन नावांपुढे गाडी जात नाही.

१०. फोटोसाठी सॅल्यूट कराल का, प्लीज?

टोपी नसेल तर नाही. आपल्या सेनादलांत उघड्या डोक्यानं सॅल्यूट करत नाहीत, सावधान उभं राहतात. गणवेश उतरवला म्हणून सवय उतरत नाही. तुम्ही माझ्या शेजारी उभे राहून सॅल्यूट केलात तरी मी अडवणार नाही, पण पोराला निदान बरोबर शिकवा: लष्कराचा तळवा समोरच्याला दिसतो, नौदलाचा जमिनीकडे वळलेला, हवाई दलाचा मधल्या कोनात. डांबर-तेलानं माखलेले हात वरिष्ठांना दिसू नयेत म्हणून नौदलाचा तळवा खाली, असं आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. हे "ऐकलेलं" आहे. गोष्ट छान आहे, एवढीच हमी.

फोटो काढा, फ्लॅश नको. कापड आणि शाई, दोन्ही उडतात.

११. मुंबईत याशिवाय काय पाहावं?

लायन गेटचं स्मारक वर आलंच (प्रश्न २). छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं शस्त्रांचं दालन बघा, आणि बघताना हे लक्षात ठेवा की ती इमारतच पहिल्या महायुद्धात लष्करी रुग्णालय होती. संग्रहालय म्हणून ती १९२२ मध्ये खुली झाली. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मारुत हे आपल्याकडे बनलेलं लढाऊ विमान आहे. मुलं त्याच्याखालून पळत जातात, फलक कुणी वाचत नाही. कुलाब्याचं अफगाण चर्च पहिल्या अफगाण युद्धात गेलेल्यांसाठी बांधलेलं आहे. मस्जिद बंदराजवळ इंडियन सेलर्स होममध्ये महायुद्धांत समुद्रातच राहिलेल्या खलाशांचं स्मारक आहे. त्यात अगदी साधे लोक आहेत, कोळसा ओढणारे, भांडी घासणारे. मुंबईतलं माझं सगळ्यात आवडतं ठिकाण तेच, आणि तिथे मला सहसा दुसरा माणूस दिसत नाही.

बाहेर जायची तयारी असेल तर अहिल्यानगरचं (अहमदनगर) रणगाडा संग्रहालय आणि पुण्यात घोरपडीचं युद्धस्मारक. नौदल सप्ताहात कधी कधी चालू जहाजं लोकांसाठी खुली होतात. वर्तमानपत्रात येतं, ओळखपत्र न्या.

१२. तुकाराम ओंबळे यांना परमवीर चक्र का नाही दिलं?

कारण परमवीर चक्र शत्रूसमोरच्या रणांगणातल्या पराक्रमासाठी, सेनादलांतल्या लोकांसाठी आहे. ओंबळेंना अशोक चक्र मिळालं. शांतताकाळातलं ते सर्वोच्च शौर्यपदक, आणि ते पोलिसांना, साध्या नागरिकांनाही मिळू शकतं. कमी दर्जाचं नव्हे, वेगळ्या प्रसंगाचं. मेजर संदीप उन्नीकृष्णन सैन्यातले, तरी २६/११ साठी त्यांनाही अशोक चक्रच.

यालाच जोडून नेहमी येतं: परमवीरांमध्ये आपल्याकडचं कोण? लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, पूना हॉर्स, १९६५, जन्म मुंबईचा. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे, बॉम्बे सॅपर्स (लष्कराचे इंजिनिअर), १९४८. त्यांनी नौशेरा ते राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे गोळीबार चालू असताना काढले, आणि ते पदक घ्यायला जिवंत होते. पदकाचं डिझाइन सावित्री खानोलकर यांचं. जन्मानं युरोपातल्या, लग्नानं आपल्या.

१३. आजोबांच्या पेटीत पदकं सापडली. कोणती आहेत कसं ओळखायचं?

फितीवरून ओळखू नका. फिती कुजतात, घरची मंडळी भलतीच शिवतात. पदक हातात घ्या आणि कड फिरवून बघा. स्वातंत्र्यानंतरच्या बहुतेक पदकांच्या कडेवर सैनिक क्रमांक, हुद्दा, नाव कोरलेलं असतं. भिंग लागेल. तो क्रमांक लिहून घ्या, पुढे सगळं त्यावर चालतं (प्रश्न १५).

मग मजकूर. समर सेवा स्टार किंवा रक्षा मेडल असेल तर १९६५. पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल असेल तर १९७१. ऑप विजय म्हणजे कारगिल. २५ आणि ५० वर्षांची स्वातंत्र्य पदकं त्या त्या दिवशी, म्हणजे १९७२ आणि १९९७ च्या १५ ऑगस्टला, सेवेत असलेल्यांना मिळाली. ९, २० आणि ३० वर्षांची दीर्घ सेवा पदकं वेगळी. चक्र लिहिलेलं असेल तर मात्र बसून घ्या आणि मला फोटो पाठवा.

१४. आजोबा म्हणायचे "मी ७१ ला लढलो", पण पूर्वी किंवा पश्चिमी स्टार नाही. खोटं बोलले का?

हा प्रश्न फार येतो, आणि मला तो विचारणाऱ्याच्या आवाजातच ऐकू येतो. घाई करू नका. दोन्ही स्टार प्रत्यक्ष आघाडीच्या क्षेत्रातल्या सेवेसाठी होते. संग्राम मेडलचं क्षेत्र आणि मुदत जास्त मोठी होती. डेपोत, रेल्वेच्या यार्डात, वर्कशॉपमध्ये, इस्पितळात जे राबले ते युद्धातच होते. दारूगोळा वॅगनमध्ये चढवणाऱ्याला आपण लढलो असं वाटलं तर चूक कुणाची? पदकं हरवतात, विकली जातात, कधी मागून घ्यायचीच राहतात. नोंद काढा, मग ठरवा.

उलट प्रकारही असतो. स्टार आहे, पण कडेवरचं नाव दुसऱ्याचं. जुन्या बाजारात पदकं मिळतात. तेव्हा आधी कड, मग अभिमान.

१५. सेवेची नोंद कुठे मिळते?

लष्करी जवानाची त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात. मराठा लाइट इन्फंट्री बेळगाव, महार रेजिमेंट सागर (मध्य प्रदेश), बॉम्बे सॅपर्स खडकी, तोफखाना नाशिक रोड कॅम्प. नौदलाच्या खलाशाची इथेच, मानखुर्दच्या चित्ता कॅम्पमधल्या ब्यूरो ऑफ सेलर्समध्ये. हवाई दलाची दिल्लीला. अर्जात सैनिक क्रमांक, नाव, युनिट आणि तुमचं नातं लिहा. नात्याचा पुरावा जोडा. क्रमांक डिस्चार्ज बुकावर किंवा पेन्शनच्या आदेशावर (पीपीओ) असतो. काहीच नसेल तर आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जा. तिथला कारकून बहुधा स्वतः माजी सैनिक असतो, आणि अर्ज कसा लिहायचा ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतो.

१६. पणजोबा पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात होते. त्यांचं काय?

मारले गेले असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत नाव शोधता येतं. स्पेलिंगमध्ये सगळी अडचण: घाडगे, घाटगे, गाडगे असे तीन-चार प्रकार करून बघा, गावाचं नावही वाकडं लिहिलेलं असेल. परत आले असतील तर शोध अवघड. गावातला फलक आणि घरातले कागद एवढाच आधार. सातारा, रत्नागिरी, रायगडकडचे असाल तर आधी गावच्या शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीवर इंग्रजी संगमरवरी पाटी आहे का बघा. रंगाखाली गेलेली असू शकते.

१७. वस्तू संग्रहालयाला द्यायची आहे. काय घेता?

वस्तूपेक्षा वस्तूची हकीकत जास्त महत्त्वाची. कुणाची, कुठली, कशी आली, हे एका कागदावर लिहून सही करा. भेट की काही काळापुरती ठेव, तेही लिहा, आणि पोच घ्या. पोच न देणाऱ्याला वस्तू देऊ नका, आम्हालासुद्धा.

आणि द्यायच्या आधी साफ करू नका! एका सुनेनं सासऱ्यांची पदकं ब्रासो लावून आरशासारखी करून आणली. मोठ्या प्रेमानं केलेलं काम. कडेवरचं नाव निम्मं पुसलं होतं. गणवेशही धुऊ नका, डांबरगोळ्या काढा, जुन्या सुती धोतरात गुंडाळून आणा. पत्रांना चिकटपट्टी लावू नका.

गणवेश आमच्याकडे आता भरपूर आहेत. पत्रं, डायऱ्या, मेसचे हिशेब, फोटो हवेत. फोटोमागे नावं लिहायची तर पेन्सिलीनं.

१८. घरात जुनी तलवार, काडतुसं, तोफेचा गोळा आहे. ठेवू शकतो का?

गोळा किंवा बॉम्बसारखं काही असेल तर हात लावू नका, हलवू नका, माझ्याकडे पिशवीत घालून आणू नका. ११२ ला फोन करा. आम्ही सांगूनही एक गृहस्थ लोकलनं घेऊन आले होते.

जिवंत काडतूस आणि चालू शकणारी बंदूक परवान्याशिवाय ठेवता येत नाही, आजोबांची असली तरी. दुरुस्त करूनही उडणार नाही अशा पुरातन बंदुकीला १९५९ च्या शस्त्र कायद्यात सूट आहे, पण ती तशी आहे हे तुम्ही ठरवायचं नसतं. तलवारीचे नियम ठिकाणाप्रमाणे बदलतात. पोलीस ठाण्यात लेखी विचारा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरातन वस्तूंच्या कायद्याखाली येऊ शकते, विकायची किंवा परदेशी न्यायची तर आधी चौकशी करा. गोळीचं कीचेन असेल तर विमानतळावर जाताना घरी ठेवा.

१९. हा लोखंडी तुकडा १९४४ च्या गोदीच्या स्फोटातला आहे, घ्याल?

१४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन हे जहाज फुटलं. आत दारूगोळा आणि कापसाच्या गाठी एकत्र. आग लागली, दोन स्फोट झाले, आग विझवणारे ६६ जवान गेले. १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात तो त्यामुळे. तो अपघात होता, जपानी हल्ला नव्हे.

मस्जिद, डोंगरी, गिरगावातल्या पुष्कळ घरांत असा एकेक तुकडा आहे. सगळे खरे असतील तर जहाज होतं त्याच्या दुप्पट भरेल. तुकडा नको, पण आजीला त्या दुपारचं काही आठवत असेल तर ते रेकॉर्ड करून पाठवा.

२०. मी माजी सैनिक आहे, गाइड व्हायचंय. काय लागतं?

डिस्चार्ज बुक, ओळखपत्र, आणि उभं राहायची तयारी. गुडघे दुखत असतील तर सांगा, स्टूल देतो. लढाऊ गणवेश घालून यायचं नाही. साधा शर्ट, नावाची पट्टी. पदकं फक्त २६ जुलै, ४ आणि १६ डिसेंबर अशा दिवशी, ब्लेझरवर.

तीन गोष्टी बोलायच्या नाहीत. सध्याच्या तैनातीबद्दल काहीही. गोपनीयतेचं बंधन निवृत्तीनं सुटत नाही. निवडणूक. आणि "आजकालची पोरं". शेवटची बंदी सगळ्यात जास्त मोडली जाते.

सुरुवातीला एकच कपाट देतो. ते नीट सांगता आलं की दुसरं. ज्या माणसानं वीस वर्षं हुकूम दिले त्याला प्रश्न ऐकून घ्यायला वेळ लागतो, तेव्हा आधी काही दिवस फक्त ऐका. हुद्दा गेटबाहेर. निवृत्त कर्नल साहेब आमच्याकडे माझ्याकडूनच बॉयलरचं मॉडेल शिकले, आणि अवघड प्रश्न आला की आजही मला हाक मारतात.

२१. मी सैन्यात नव्हतो/नव्हते, तरी चालेल?

चालेल, हवेच आहेत. आमच्याकडची सर्वांत तयारीची गाइड बँकेतून निवृत्त झालेल्या बाई आहेत. त्यांच्याकडे "पाहिलं" हे खातंच नाही, त्यामुळे वाचलेलं पक्कं असतं. "मी होतो ना तिथे" म्हणून वेळ मारून नेता येत नाही त्यांना.

२२. तुम्ही एक सांगता, दुसरे गाइड वेगळंच सांगतात. खरं कोणाचं?

दोघांचंही असू शकतं. एकाच लढाईत दोन मैलांवरच्या दोन माणसांनी दोन लढाया पाहिलेल्या असतात. तारीख, जहाजाचं नाव, किती गेले, यावर मतभेद असेल तर छापील नोंद बघतो आणि ज्याचं चुकलं तो फलकाजवळ उभं राहून तसं सांगतो. वेळ, वास, थंडी, कोण काय बोललं, यावर मतभेद असेल तर आम्ही मिटवायला जात नाही.

"मी ६५ ला होतो" असं म्हणणारा माणूस साठीचा दिसत असेल तर वयाचा हिशेब तुम्हीच करा. त्या युद्धातले लोक आज ऐंशीच्या आसपास किंवा त्यापुढे आहेत. त्याला चारचौघांत उघडं पाडू नका. मला बाजूला येऊन सांगा. मी त्याला चहा पाजतो आणि युनिटचं नाव विचारतो. खोटा असेल तर चहा पूर्ण न पिताच निघतो. आणि कधी कधी तो खरा निघतो, फक्त युद्धाचं साल चुकलेलं असतं.